गाळणं, फडकं आणि मोरी

गाळणं म्हटलं की डोळ्यापुढं चहाची गाळणी येते, पण आपल्या स्वयंपाकघरातलं खरं बारीक काम जाळीचं नसतंच, ते फडक्याचं असतं. चक्का फडक्यात, कुरडयांचा चीक फडक्यातून, पाहुणे जास्त असले की चिंचेचा कोळ फडक्यातून, खोकल्याचा काढा फडक्यातून, आणि उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की हंड्याच्या तोंडावर परत फडकंच. हे फडकं म्हणजे जुन्या धोतराचा नाहीतर सुती पातळाचा तुकडा. त्याला घरात स्वतःची अशी जागा नसते, कधी फ्रीजवर, कधी पोळ्यांच्या डब्याखाली, कधी दाराच्या कडीला वाळत घातलेलं, आणि नेमकं लागतं तेव्हा सापडत नाही.

स्टीलची एक रिंग, खाली तीन पाय, आणि रिंगेत बसणारी, काढता-घालता येणारी कापडी पिशवी, असं गाळणं घरात असावं हे माझ्या डोक्यात बरेच दिवस होतं. मी लातूरला राहते आणि इथं गंजगोलाईतून, म्हणजे गावातल्या गोल बाजारपेठेतून, जे १६ रस्ते फुटतात त्यातल्या एका रस्त्यावर भांड्यांची दुकानं आणि त्यांच्या मागं पत्र्याचं, वेल्डिंगचं काम करणारे लोक आहेत, त्यामुळं डोक्यातली वस्तू हातात यायला फार लांब जावं लागत नाही. पण वस्तू कशी असावी हे ठरवताना जे कळत गेलं ते मला लिहून ठेवायचंय, कारण मला वाटतं की गाळणं बनवणारे बहुतेक लोक विचार चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. ते गाळण्यापासून सुरू करतात. गाळणं तर कसंही होतं हो, पदर धरला तरी होतं. विचार मोरीपासून सुरू करायला पाहिजे, म्हणजे गाळून झाल्यावर ते चिकट, आंबट, चोथ्यानं भरलेलं फडकं ज्या बाईच्या हातात राहतं तिथून.

आमच्या आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, मी पहिल्यांदा हे सगळं कागदावर काढून दाखवलं तेव्हा त्यांनी कागद लांब धरून बघितला आणि म्हणाल्या, "गाळायचं दिसायलंय गं यात, धुवायचं कुठं दिसायलंय?" मला त्यानंतर तो कागद नव्यानंच काढावासा वाटला.

कुरडयांचा चीक ज्यांनी काढलाय त्यांना हे सांगायची गरज नाही. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी त्या गव्हाला एक आंबूस वास यायला लागतो आणि दाणा बोटात दाबला की पांढरं दूध सुटतं. मग तो वाटायचा आणि फडक्यातून गाळायचा. इथं फडक्यावर जे होतं ते बघण्यासारखं आहे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग; गव्हाच्या स्टार्चचे मोठे कण साधारण २० ते ३५ मायक्रॉनचे असतात आणि बारके तर १० मायक्रॉनच्याही खाली, आपला केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला तर त्याच्या निम्मे नाहीतर त्याहून लहान. मलमलीची भोकं त्याच्या कितीतरी पट मोठी असतात त्यामुळं स्टार्च पाण्याबरोबर सहज खाली जातो आणि कोंडा वर अडतो. पण गव्हात ग्लुटेनही असतं आणि ते चिकट, ओलं झालं की धाग्याधाग्यात जाऊन बसतं, भोकं बुजवतं, आणि थोड्या वेळानं फडक्यात नुसतं पांढरं पाणी साचून राहतं, खाली थेंबही जात नाही. म्हणून बाया काय करतात, आत हात घालून तळव्यानं कापड आतून चोळत राहतात. चोळलं की वाट मोकळी होते, परत बुजते, परत चोळायचं. मग वरून पाणी घालून चोथा पिळायचा, आणि असं पांढरं येणं बंद होईपर्यंत.

म्हणजे चिकाच्या पिशवीत आख्खा हात मनगटापर्यंत गेला पाहिजे, आणि हात आत फिरला पाहिजे. बाजारात ज्या तयार गाळायच्या पिशव्या मिळतात, बदामाचं दूध वगैरे काढायला म्हणून विकतात त्या, त्यांची तोंडं अरुंद असतात आणि तळाला दोन कोपरे असतात. त्या कोपऱ्यात चोथा जाऊन बसतो आणि बोटानं निघत नाही, पिशवी उलटी करून नखानं काढावा लागतो. कोपरा नकोच. तळ गोल पाहिजे. निमुळतं टोकही नको, दिसायला छान दिसतं पण सगळा चोथा टोकाशी गोळा होऊन तिथंच आधी बुजतं.

आणि तोंडाला नेफा नको. ह्यावर मी जरा अडून बसलेय. नेफा म्हणजे कापड दुमडून त्यात नाडी, म्हणजे कापडाचे दोन-तीन थर आणि आत सुताची जाड नाडी. सगळी पिशवी उन्हात तासाभरात वाळते पण नेफा आतून ओलाच राहतो, त्यात दह्याचा अंश राहतो, आणि आठ-पंधरा दिवसात तिथं काळे ठिपके पडतात. ते ठिपके म्हणजे बुरशी, साबणानं जात नाहीत. ओल्या नाडीची गाठ फुगते ती वेगळीच, चिकाचे हात असताना ती सोडवणं म्हणजे दातानंच सोडवावी लागते.

आपल्याकडं ह्या सगळ्याला अजून एक बाजू आहे, पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पण त्या महिन्यांत घरात एकेका तांब्याचा हिशोब कसा होता ते इथल्या बायांना विचारा. भाजी धुतलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाला. अशा घरात दहा तांबे पाणी घेऊन धुवावी लागणारी पिशवी कुणी वापरणार नाही, ती एकदा वापरून ठेवून देतील आणि परत जुनं फडकं काढतील, आणि त्यात त्यांचं काहीच चुकत नाही. म्हणून माझ्या मनात गाळण्याची परीक्षा अशी होती की दोन तांबे पाण्यात ते स्वच्छ झालं पाहिजे. त्यासाठी चोथा आधी कोरडाच झटकून पडला पाहिजे, म्हणजे पिशवी पूर्ण उलटी व्हायला पाहिजे, आणि आतल्या बाजूला शिवणीची कड येता कामा नये, कारण कड आत असली की तिच्या फटीत सगळं अडकतं. नेहमीच्या कपड्यात आपण शिवण आत लपवतो. इथं उलटं, शिवण बाहेर दिसली पाहिजे आणि आतली बाजू गुळगुळीत. शेजारच्या भाभी शिवणकाम करतात, त्या म्हणाल्या, "ताई, लोक म्हणतील उलटीच शिवली." म्हणू देत. मग त्यांनीच कड दुमडून वरून दुसरी टीप मारायचं सुचवलं, शर्टाच्या खांद्याला असते तशी सपाट दाबाची शिवण, म्हणजे धागेही सुटत नाहीत आणि फटही राहत नाही.

पाणी कमी असलं तरी एक गोष्ट आपल्याकडं भरपूर आहे, ऊन. पिशवी रिंगेतून निघाली, उलटी करून दोरीवर टाकली की मार्च ते जूनपर्यंत ती बघता बघता कडकडीत होते. हे रिंगेत पक्क्या शिवलेल्या कापडाच्या बाबतीत होत नाही, तिथं रिंगेपाशी ओल राहतेच. काढता येणं हे म्हणूनच महत्त्वाचं, नुसती सोय म्हणून नाही.

मग नेफा नाही, नाडी नाही, तर पिशवी रिंगेला धरून कशी राहणार? भरतकामाच्या लाकडी रिंगा असतात ना, एकात एक बसणाऱ्या, तसंच करायचं ठरलं. बाहेरची रिंग म्हणजे पायांना जोडलेली स्टीलची पट्टी, आतली रिंग मोकळी, आणि पिशवीचं तोंड दोन्हींच्या मध्ये दाबून बाहेर दुमडायचं. पण ओलं कापड आणि गुळगुळीत स्टील, त्यात दोन किलो दह्याचं वजन, कापड घसरणारच. त्यावर उपाय रिंगेच्या आकारात आहे. बाहेरची पट्टी सरळ उभी न ठेवता वरून रुंद आणि खाली किंचित निमुळती करायची, आतली रिंगही त्याच उताराची. मग दही जसं खाली ओढतं तसं कापड आतल्या रिंगेलाही घेऊन खाली ओढतं, आणि रिंग जितकी खाली जाईल तितकी घट्ट बसते. वजन वाढलं की पकड वाढते. काढताना खालून दोन अंगठ्यांनी रिंग वर ढकलली की सुटते, स्क्रू नाही, चाप नाही, स्प्रिंग नाही. ह्यातलं काहीच गंजत नाही, हरवत नाही, आणि मुख्य म्हणजे पिशवी फाटली तर कोणताही चौकोनी सुती तुकडा त्याच रिंगेत अडकवून काम होतं. कंपनीच्या पिशवीवर अडून बसायची गरज नाही. मला स्वतःला ह्या रिंगेत सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच आहे.

चाचा, जे स्टीलचं काम करतात, त्यांनी दोन गोष्टी स्वतःहून केल्या. एक, मी पट्टी आणि पायांच्या जोडावर नुसते दोन-दोन ठिकाणी वेल्डिंगचे डाग द्या म्हणत होते, त्यांनी सगळा जोड सलग भरला. म्हणाले, "ताई, मध्ये फट राहिली की दूध तिथं शिरणार, मग तुम्ही किती घासा." दोन, सगळं बफिंग करून, म्हणजे घासून गुळगुळीत करून दिलं. स्टील कोणतं घ्यायचं ह्याचीही त्यांनी समजूत घातली. स्वस्तातलं २०२ ग्रेडचं स्टील नवं असताना ३०४ सारखंच चमकतं, पण ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, २०२ मध्ये निकेल कमी, आणि चिंच, दही, कैरी असल्या आंबट गोष्टी रोज लागल्या की फरक आधी जोडावर दिसतो, तांबूस ठिपके येतात. दुकानात लोक चुंबक लावून बघतात, चिकटलं नाही म्हणजे चांगलं, पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि ३०४ वाकवलेल्या जागी थोडं चिकटू शकतं, तर चुंबकावर जाऊ नका, बिलावर ग्रेड लिहून घ्या.

आता कापड. इथं माझ्या मनात आत्यांच्या जुन्या पातळाबद्दलचा आदर फारच वाढला. बांगलादेशात रीटा कोलवेल ह्या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या तिथल्या सहकाऱ्यांनी मतलब नावाच्या भागातल्या ६५ गावांमध्ये एक अभ्यास केला होता, २००३ साली तो छापून आला. तळ्याचं, नदीचं पाणी साडीच्या कापडातून गाळून प्यायचं, एवढंच. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक प्लवकांना, म्हणजे तरंगणाऱ्या बारक्या जीवांना, चिकटून राहतात, आणि साडीच्या चार घड्या केल्या तर साधारण २० मायक्रॉनच्या वरचं सगळं अडतं, म्हणजे जंतू लहान असला तरी तो ज्याच्यावर बसलाय ते अडतं. नीट गाळणाऱ्या गावांत कॉलरा ४८ टक्क्यांनी कमी झाला. आणि ह्यात नव्यापेक्षा जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती साडी जास्त चांगली ठरली, कारण वापरानं धागा फुलतो, त्याचे तंतू सुटे होतात आणि भोकं बारीक होतात. आत्या नवं फडकं चक्क्याला कधीच घेत नाहीत, "जुनं धर, नव्यातून निसटतंय" म्हणतात, आणि ते मी इतकी वर्षं नुसतं ऐकत आले होते.

आमच्याकडच्या जुन्या माणसांना नारूही आठवतो. बारवेत उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा बारका जीव, त्याच्या पोटात नारूची अळी, आणि वर्षभरानं पायातून हातभर लांब दोऱ्यासारखा जंत बाहेर. औषध नव्हतं, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. सायक्लॉप्स मिलिमीटरभराचा, तो साध्या दुहेरी धोतरातही अडकतो. देशात नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त म्हणून जाहीर केला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणं, हापसे बसवणं, पाण्यात सायक्लॉप्स मारायचं औषध टाकणं हे सगळं त्यात होतंच, पण घरोघरी पाणी कापडातून गाळणं हाही त्याचा मोठा भाग होता. फक्त एक सांगते, मोकळे फिरणारे जंतू एक-दोन मायक्रॉनचे असतात, ते कापडातून आरामात जातात. म्हणून टँकरचं पाणी गाळलं तरी उकळायचं किंवा क्लोरीन टाकायचं ते टाकायचंच.

नायलॉनची जाळी घ्या असं बरेच जण म्हणतात, धुवायला सोपी, डाग धरत नाही, लवकर वाळते, हे सगळं खरं आहे. पण गरम पदार्थाला मला ती नको वाटते. २०१९ मध्ये कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्लास्टिकच्या चहाच्या पिशव्या गरम पाण्यात ठेवून बघितल्या तर एका पिशवीतून अब्जावधी प्लास्टिकचे कण सुटल्याचं त्यांनी मांडलं. आकड्यावर पुढं वाद झाले, पण मराठवाड्यात कापूस पिकतो, सुती कापड गावोगावी मिळतं, मग कशाला तो धोका. माझ्याकडं दोन पिशव्या आहेत, चिकाला आणि कोळाला मलमलीची, चक्क्याला मांजरपाटाची, म्हणजे जाड्याभरड्या सुती कापडाची. मांजरपाट नवं आणलं की त्यात खळ असते, ती उकळून दोन-तीनदा पाणी बदलून काढावी लागते, नाहीतर पहिल्या चक्क्याला पिठाचा वास लागतो.

चक्क्याबद्दल थोडं सविस्तर. आपण समजतो कापड गाळतं, पण पहिल्या पाच-दहा मिनिटांनंतर कापडाला लागून दह्याचा जो घट्ट थर बसतो तोच खरा गाळायला लागतो, आतल्या पाण्याला त्या थरातून वाट काढायची असते. फ्रान्समधल्या दिजों शहराच्या पाणीपुरवठ्याचं काम करताना हेन्री दार्सी ह्या इंजिनियरनं १८५६ साली वाळूवर मांडलेला नियम इथं जसाच्या तसा लागतो, क्षेत्र वाढलं की पाणी जास्त वाहतं, थर जाड झाला की कमी. म्हणून सपाट जाळीवर पसरलेल्या दह्यापेक्षा पिशवीतलं दही लवकर सुटतं, त्याला सगळ्या बाजूंनी कापड मिळतं. आणि म्हणूनच आत्या मध्येच गाठोडं सोडून आतलं दही उलथंपालथं करून परत बांधतात. आमच्या गाळण्यात गाठोडं सोडायला लागत नाही, वरून उघडंच असतं, डावानं कडेचा थर खरवडून आत ढकलला की परत धार लागते.

खुंटीला टांगलेल्या गाठोड्याचा मे महिन्यात एक त्रास असतो, ४२-४३ डिग्रीत रात्रभर टांगलं की सकाळी चक्का आंबट. पायांवर उभं राहणारं गाळणं भगुन्यासकट फ्रीजमध्ये जातं, वरून ताटली झाकता येते. त्यासाठी उंची बेतात ठेवली, मधला एक कप्पा काढला की बसावं एवढीच, आणि तरीही पिशवीचा तळ आणि भगुन्याचा तळ ह्यात चार-पाच बोटं अंतर ठेवलंय. हे अंतर नसलं तर चक्का स्वतःच्याच पाण्यात बसतो आणि तुम्ही कितीही वेळ ठेवा, खालचा भाग पातळच. ते पाणी टाकायचं नाही अर्थातच, कणीक मळायला, नाहीतर कढीला.

कुणाला करून घ्यायचं असेल तर मापं देते. रिंग आतून २० सेंमी व्यासाची. पिशवीला दोन सारखे तुकडे, ३४ सेंमी रुंद आणि ३२ सेंमी लांब, खालचे दोन्ही कोपरे मोठ्या गोलाईत कापलेले. शिवणीत दोन्हीकडून एकेक सेंमी गेला की तोंडाचा घेर ६४ सेंमी राहतो, रिंगेचा घेर ६३ च्या आत-बाहेर, म्हणजे बरोबर बसतो. वरचे सहा सेंमी बाहेर दुमडायला. वरच्या कडेला एकच बारीक दुमड घालून टीप मारा, जास्त थर करू नका. धुताना आधी गार पाणी, गरम पाणी आधी घातलं तर दुधाचं प्रथिन धाग्यात घट्ट बसतं. आठवड्यातून एकदा पिशवी उकळायची, तेव्हा थोडा खायचा सोडा. वासाचा साबण अजिबात नको, सुती कापड वास धरून ठेवतं आणि तो श्रीखंडात उतरतो.

राहिला चहा. हॉटेलात चहा फडक्यातून गाळतात, फडकं वर पिरगाळून सांडशीनं दाबतात, आणि तो चहा दाट लागतो हे मान्यच करावं लागेल, कारण बारीक भुकटीसुद्धा पिळून निघते. घरासाठी तशीच छोटी रिंग, छोटी पिशवी, आणि ती फक्त चहालाच, तपकिरी झाली तरी हरकत नाही, तो रंग चहाचाच असतो. अडलंय ते मुठीपाशी. लाकडाची मूठ ओल धरते, प्लास्टिकची गॅसजवळ नको, पोकळ नळीची केली तर टोकातून पाणी शिरतं आणि आत साचतं. चाचांचं म्हणणं, जाड तारच वळवून लांब मूठ करू, टोकापर्यंत उष्णता येणार नाही. भाभींचं म्हणणं, मुठीला कापड गुंडाळून शिवून देते. आत्या म्हणाल्या, "म्हणजे अजून एक फडकं धुवा." मी तारेच्या बाजूनं आहे, चाचांना किती लांब ठेवायची ते विचारून येणार आहे.